पायातली चांदी : कुणी घातली, कुणी काढली?

गेल्या आठवड्यात गावी आईचं कपाट आवरायला घेतलं. तळाशी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता आणि त्यात लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली एक पुरचुंडी. सोडली तर आत आईची जोडवी, दोन मासोळ्या आणि एकाच पायाचं पैंजण. सगळं काळंठिक्कर. जोडव्यांच्या आतल्या बाजूला तिच्या पायाचा मळ अजून तसाच होता.

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. दहाव्याच्या दिवशी नदीवर बायकांनी आईच्या पायातून हे उतरवलं. मी शेजारीच उभी होते, पंचवीस वर्षांची होते, आणि एक शब्द बोलले नाही. ते अजून सलतं.

म्हणून हा धागा. पैंजण, साखळ्या, तोरड्या, वाळे, तोडे, चाळ, अनवट, जोडवी, विरोद्या, गेंद, ज्याला जे आठवतं ते लिहा. फक्त एक विनंती: ते तुमच्या पायात कुणी घातलं, आणि निघालं असेल तर कुणी काढलं, हे नक्की सांगा. आणि हो, इतकी काळी पडलेली चांदी घरच्या घरी उजळायची कशी, तेही.

रेंदाळ, जि. कोल्हापूर

ताई, आमची चूलच ह्याच्यावर पेटते. हुपरी, रेंदाळ, इंगळी, तळंदगे, ह्या पट्ट्यात कुठल्याही गल्लीत शिरा, हातोडीची टकटक ऐकू येणारच. चांदी मुशीत वितळवायची, कांब पाडायची, ती जंत्रीच्या एकाहून एक बारीक भोकांतून ओढत तार करायची. तारेच्या कड्या, कड्यांची साखळी. घुंगराच्या दोन इवल्या वाट्या, मध्ये दाणा, वरून डाग दिला की घुंगरू मिटलं. एक पैंजण पुरं व्हायला कितीतरी जणांच्या हातांतून जातं आणि त्यातले निम्मे हात बायकांचे, घरात बसून काम करणाऱ्या. मी गेली अठरा वर्षं घुंगरं जोडते. दुपारी पोरं शाळेत गेली की दारातल्या उजेडात बसायचं, डाव्या हातात साखळी, उजव्या हातात चिमटा. बोटांची टोकं कायम काळी. लग्नाकार्यात हळद लावली तरी नखांच्या कडेची काळी रेघ हटत नाही.

माझ्या स्वतःच्या पायातलं पैंजण मी स्वतः विकत घेतलं, मजुरीच्या पैशातून, आणि स्वतःच घातलं. त्याचं शेवटचं घुंगरू मीच जोडलं होतं. लाखो घुंगरं जोडली असतील, पण ते एक कुठलं ते मला अजून ओळखू येतं.

एक कळकळीनं सांगते. निव्वळ चांदी मऊ असते, रोजच्या चालण्यात टिकत नाही, म्हणून तांबं मिसळावंच लागतं. त्यात लबाडी काही नाही. पण टंच, म्हणजे शुद्धता, किती ते विचारा आणि पावतीवर लिहून घ्या. ९२५ म्हणजे हजारात नऊशे पंचवीस भाग चांदी. ते लिहिलेलं नसलं की पुढं मोडीत द्यायला गेल्यावर घट दाखवतात आणि बाईमाणूस गप्प घरी येतं. चांदी किलोला लाखाच्या वर गेल्यापासून तर पन्नास ग्रॅमचा फरक म्हणजे घरातलं महिन्याचं राशन.

बीड

माझ्या आजीचे तोडे होते, भरीव, चाळीस भारांचे. लग्नात सासऱ्यांनी घातलेले. रानात, विहिरीवर, बाळंतपणात, कधी निघाले नाहीत. 1972 च्या दुष्काळात आजोबांनी ते सावकाराकडे नेले. तोडे पायातून निघेनात, म्हणून आजीला उंबऱ्यावर बसवून गोडंतेल लावून दोघांनी ओढून काढले. त्यानंतर दोन वर्षं आजी खडी फोडायला जात होती, रेशनच्या मिलो ज्वारीच्या भाकरी खाऊन.

मी तिला पाहिलं ते तिच्या म्हातारपणी. तिच्या दोन्ही घोट्यांच्या वर काळ्या, टणक घट्ट्यांची वळी होती, बोटभर रुंद. मला लहानपणी वाटायचं तोही दागिनाच. संध्याकाळी ती पायाला तेल लावायची तेव्हा अंगठा त्या घट्ट्यावरून गोल फिरवायची, तोडा सरळ करावा तसा. ते परत कधी करून घेता आले नाहीत. वडिलांना नोकरी लागल्यावर त्यांनी विषय काढला होता, तर म्हणाली, आता पाय हलके झालेत, ऱ्हाऊ दे.

पुणे

मी पुरुष आहे, कथक शिकतो, म्हणून लिहावं की नाही असं वाटत होतं. माझ्या पायात घुंगरू बांधले माझ्या गुरूंनी. आधी दोन वर्षं नुसत्या पायाने तत्कार, म्हणजे तालावर पाय आपटण्याचा सराव. मग पन्नास-पन्नास, आता एकेका पायाला शंभर. पितळेचे, सुती दोरीत ओवलेले. भरतनाट्यमवाल्यांसारखा चामड्याचा पट्टा आमच्याकडे नसतो. प्रत्येक घुंगरानंतर गाठ मारायची, म्हणजे एक डावीकडे एक उजवीकडे बसतो आणि आवाज दाटत नाही. शंभरची जोडी ओवायला मला आणि आईला चार रात्री लागल्या. घोट्यावरची कातडी आधी सोलते, मग निबर होते.

वडिलांनी सहा वर्षं माझा नाच पाहिला नाही. परवाच्या कार्यक्रमाआधी विंगेत माझी दोरी सैल झाली. ते मागे आले होते, खाली बसले आणि त्यांनी ती घट्ट बांधून दिली. बैलाच्या घुंगुरमाळेची गाठ मारली, शेतकऱ्याची. पाऊण तासात तसूभर हलली नाही.

नाशिक

मी प्रसूती विभागात परिचारिका आहे, तेवीस वर्षं. जोडवी काढणारी मी, असंच म्हणावं लागेल! शेवटच्या महिन्यांत पायांवर सूज येते, जोडवी बोटात रुततात, आणि बाया दुखणं सांगत नाहीत कारण ती काढणं अशुभ. एकीच्या बोटाची कातडी जोडव्यावरून वाढायला लागली होती. सिझेरियनच्या आधी धातूचं काही अंगावर ठेवता येत नाही, तेव्हा रडारड होते. मी सांगते, बाई, मी तुझ्याच पदराला बांधून देते, बाळ घेऊन घरी जाताना घाल.

कृपा करून सातव्या महिन्यातच काढून ठेवा. अडकलं असेल तर पाय थोडा वेळ उशीवर उंच ठेवा, मग गार पाण्यात, आणि साबण लावून हळूहळू फिरवत काढा. बोट निळं-काळं दिसलं किंवा बधिर झालं तर ओढत बसू नका, दवाखान्यात या, कटरने अर्ध्या मिनिटात कापलं जातं. सोनार परत सांधून देतो. मधुमेह असलेल्यांनी तर घट्ट जोडवी घालूच नयेत. पायाची जाणीव कमी झालेली असते, जखम होऊन चिघळली तरी कळत नाही. एका मावशींचं बोट मी त्यापायी गेलेलं पाहिलंय.

ठाणे

छोटी गोष्ट. बारशाला आत्याने लेकीच्या पायात घुंगरांचे वाळे घातले. आठव्या महिन्यात एक घुंगरू निसटलं आणि ते तिच्या गालात सापडलं. बोट घालून काढलं, हातपाय कापत होते माझे. बाळाला घालायचेच असतील तर आतून खुळखुळणारे, बंद वाळे घ्या आणि रात्री काढून ठेवा.

चेन्नई

लग्न होऊन इकडे आले, नवरा तमिळ. इथे जोडव्यांना मेट्टी म्हणतात आणि ती नवरा घालतो. लग्नात नवरीचा पाय अम्मीवर, म्हणजे पाट्यावर ठेवतात आणि नवरा वाकून बोटात मेट्टी सरकवतो. आमच्या घरी जोडवी मामाने आणायची पद्धत. माझा मामा नागपूरहून जोडवी घेऊन आला होता, दोन्हीकडची मंडळी एकमेकांकडे पाहत उभी. शेवटी उजव्या पायात मामाची, डाव्या पायात नवऱ्याची. सासूबाईंनीच तोड काढली. आज चौदा वर्षं झाली, दोन पायांत दोन घाट आहेत आणि मी ते कधी सारखे करून घेतले नाहीत.

मुक्काम लिहीत नाही

माझी आजी तमाशात नाचायची. दोन्ही पायांचे चाळ मिळून पाच किलोच्या आसपास. बांधायच्या आधी कपाळाला लावायची आणि सोडल्यावर कुणाचा पाय लागणार नाही अशा जागी टांगायची. तिने आईला नाचू दिलं नाही, शिकवलं. आई शिक्षिका झाली आणि तिने आयुष्यात पायात एक घुंगरू घातलं नाही. मलाही घालू दिलं नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात सगळ्या मुलींच्या पायात पैंजण आणि माझे पाय रिकामे. मी खूप भांडले होते. आईचं ते भय मला समजायला माझी मुलगी जन्मावी लागली.

आजीचे चाळ आता माझ्याकडे आहेत. पितळ हिरवं पडलंय. चामड्यावर तिच्या घोट्याचा आकार अजून आहे, वाटीसारखा. मुलीच्या पायात मी साध्या साखळ्या घातल्या, आईच्या समोर. आई काही बोलली नाही, पण मुलगी रांगायला लागली तेव्हा आवाजाच्या दिशेने मान वळवायची ती पहिली आईच.

सातारा

मी नवसाचा. तीन बहिणींवरचा. डाव्या पायात चांदीचा वाळा, देवाच्या पायावर घालून मग माझ्या पायात घातलेला. बारा वर्षांचा होईपर्यंत. शाळेत पोरं चिडवायची म्हणून मोजा वर ओढून घ्यायचो. बहिणींच्या पायात मात्र काही नव्हतं, हे मला तिशीत उमगलं. वाळा मोडून तिघींना जोडवी करून दिली, भर माझी घातली.

सोलापूर

चांदी उजळायचं विचारलंत ना? चांदी हवेतल्या आणि घामातल्या गंधकामुळे काळी पडते, खराब होत नाही. रिठे फोडून कोमट पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी त्याच पाण्यात पंधरा मिनिटं ठेवून मऊ ब्रशने घासा. फारच काळी असेल तर चिंचेच्या कोळात. राखेने, रांगोळीने घासू नका, चरे पडतात. बाजारातल्या जर्मन सिल्व्हरला हे लागू नाही, त्यात चांदी नसतेच, तांबं, जस्त आणि निकेल असतं. माझ्या भाचीला त्या निकेलने घोट्याभोवती पुरळ उठलं होतं, तेव्हा तेही जपा.

शिरोळ तालुका

ताई, तुमची आई आणि माझी चुलती सारख्याच. आमच्या तालुक्यातल्या हेरवाडनं 4 मे 2022 ला ग्रामसभेत ठराव केला, नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत. राजर्षी शाहू महाराज 6 मे 1922 ला गेले, त्यांच्या स्मृतिशताब्दीतला तो ठराव. पंधरा दिवसांच्या आत, 17 मे ला शासनानं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं.

पण खरं सांगू, कागद झाला तरी नदीवर कोण असतं? जावा, नणंदा, शेजारणी. चुलता गेला तेव्हा मी आणि माझ्या दोन जावा चुलतीच्या पायाशी बसून राहिलो. अक्षरशः पाय मांडीवर घेऊन. एक म्हातारी पुढं आली तेव्हा मोठी जाऊ म्हणाली, आत्ती, पाय आमच्याकडं हायेत. ती मागं सरली. मला वाटतं तिलाही बरंच वाटलं असेल, तिचीही कुणीतरी अशीच काढली होती. चुलतीनं पुढं दोन-तीन महिने ती साडीखाली लपवली. आता लपवत नाही.

धागा काढणारी

सगळं आईला वाचून दाखवलं, दोन संध्याकाळी लागल्या. बीडच्या आजींपाशी तिने मला थांबवलं आणि परत वाचायला लावलं. शिरोळच्या ताईंचं वाचल्यावर मी तिला म्हणाले, आई, त्या दिवशी मी तुझे पाय धरायला हवे होते. ती म्हणाली, तू माझा हात धरलेलास, मला आठवतंय. मला आठवत नव्हतं.

रिठ्याचं पाणी केलं. सगळं चकचकीत झालं, आतला मळसुद्धा गेला, तो जाताना मला वाईट वाटलं. जोडवी तिच्यापुढे ठेवली तर तिने मान हलवली. म्हणाली, ही तुझ्या बाबांच्या घरची, राहू देत डब्यात. मग मासोळ्या उचलल्या. ह्या मी म्हशीच्या दुधाच्या पैशातून घेतल्या होत्या, म्हणाली, इचलकरंजीत, तू पोटात होतीस तेव्हा. ह्या कुणी घातल्या नव्हत्या मला, त्या काढायचं त्यांना काय कारण होतं?

खाली वाकायला आता गुडघे देत नाहीत तिला. पाय माझ्या मांडीवर ठेवला आणि मासोळी कुठल्या बोटात जाते ते मला दाखवलं. उजव्या पायातली सहज गेली. डाव्या बोटाचं पेर फुगलंय, तिथे अडकली. उद्या सोनाराकडे नेऊन थोडी सैल करून आणते.