मदत हवी आहे: भिशीचे ३ लाख ब्लॅकजॅकच्या कार्ड काउंटिंगला लावायचं चाललंय, हिशोब कुणीतरी तपासून द्या

मंडळी नमस्कार, कोल्हापुरातनं लिहितोय. उद्यमनगरला आमची बारा जणांची भिशी आहे, महिन्याला प्रत्येकी ५,०००, वही माझ्याकडं असते. सगळी वर्कशॉपची माणसं, कुणाचं लेथ, कुणाचं पॅटर्नचं काम, एक जण शिरोलीला फाउंड्रीत. आता विषय असा निघालाय की पाच महिने भिशी कुणी उचलायची नाही, जमलेले ३ लाख एकत्र ठेवायचे आणि आंबोली मार्गे पणजीला जाऊन मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर ब्लॅकजॅक (डीलरविरुद्ध २१ च्या जवळ जायचा पत्त्यांचा खेळ, २१ ओलांडले की फुटला) खेळायचं, पण नशिबावर नाही, पानं मोजून.

खेळणार माझा मावसभाऊ. पोरगं खरंच तयार झालंय हे मी स्वतः बघितलंय, एक कॅट तीस सेकंदाच्या आत मोजतो, दुर्री ते छक्की गेली की अधिक एक, सत्ती अठ्ठी नव्वी शून्य, दश्शीपासनं एक्क्यापर्यंत वजा एक, शेवटी बरोबर शून्यावर येतो. बेसिक स्ट्रॅटेजीचा, म्हणजे कुठल्या पानांवर ओढायचं आणि कुठं थांबायचं त्याचा, अख्खा तक्ता पाठ, डीलरची दश्शी असताना आपले १६ असतील तर काउंट शून्याच्या वर असला की थांबायचं, नाहीतर ओढायचं, असलं सगळं झोपेत विचारलं तरी सांगतोय. आणि ह्यात काय हातचलाखी नाही हे मलाही पटलंय, शिल्लक पानात दश्श्या-एक्के जास्त राहिले की ब्लॅकजॅक (एक्का आणि दहाचं पान, पहिल्या दोन पानातच २१) जास्त पडतात, ते डीलरलाही पडतात पण जादा पैसे आपल्यालाच मिळतात, शिवाय डीलरला १२ ते १६ वर पान ओढावंच लागतं त्यामुळं तो जास्त वेळा फुटतो, तेवढ्या वेळी बेट वाढवायची. बेसिक स्ट्रॅटेजी तर १९५६ सालीच अमेरिकन लष्करातल्या चौघांनी डेस्क कॅल्क्युलेटरवर काढून छापलीय. म्हणजे विद्या खरी आहे, त्यावर माझं भांडण नाही.

माझी अडचण पैशाची आहे. मी असा हिशोब मांडला. समजा फायदा १ टक्का धरला, तोही नेहमी मिळत नाही, पण धरू. हाताला १,००० रुपये लावून १०० हात खेळले तर सरासरी कमाई १,०००. आणि चढउतार? एका हाताचं स्टँडर्ड डेव्हिएशन बेटच्या साधारण १.१५ पट, म्हणजे १०० हाताला ११,५००. म्हणजे बरोबर खेळूनसुद्धा शंभरातली सेहेचाळीस-सत्तेचाळीस सत्रं तोट्यात उठायचं. सरासरी आणि चढउतार सारखे व्हायला सव्वातेरा हजार हात लागतात, तासाला ७० धरले तर १९० तास, आणि तेवढं बसूनही साधारण सहातली एक वेळ मायनसमध्येच. हे मी बाकीच्यांना सांगितलं तर म्हणतात तू लई घाबरतोस. मी घाबरत नाही, पण त्यात एकाच्या पोरीच्या डिप्लोमाची फी आहे आणि ती जूनमध्ये भरायचीय, ती काय १९० तास थांबणार नाही.

तर विचारायचंय एवढंच की ३ लाख बँकरोल (खेळायचं एकूण भांडवल) पुरतो का, १ ते ८ पट बेट वाढवायची म्हणतोय. आणि तिथं टेबलावर बसायच्या आधी नेमकं काय बघायचं? ज्यांनी स्वतः मोजून खेळलंय त्यांनीच लिहा, कृपा करून "जुगार वाईट" एवढंच लिहू नका, ते घरात रोज ऐकतोय.

सांगलीचा_गणिती: दादा, तुमचं गणित बरोबर आहे, फक्त फ्लॅट बेट, म्हणजे प्रत्येक हाताला सारखीच, धरलीय. खरा काउंटर कमी बेटवर थोडं हरत असतो आणि मोठ्या बेटवर कमावतो, त्यामुळं १९० तासांपेक्षा जास्तच धरा. बँकरोलचं केलीच्या सूत्रानं (भांडवलाचा किती भाग एका बेटला लावायचा ते सांगणारं) बघू. ८,००० ची बेट, त्या क्षणी फायदा दीड टक्का धरला, व्हेरियन्स (तुमच्या १.१५ चा वर्ग) १.३. पूर्ण केलीला साधारण ७ लाख पाहिजेत. आणि लोकांचे पैसे असले की अर्धी केलीच धरायची, म्हणजे १४ लाख. तुमच्याकडं ३ आहेत. मिनिमम १,००० च्या टेबलावर हे बसत नाही. बेट १ ते २ पटीत ठेवली तर पैसे टिकतील पण मग फायदाही राहत नाही, हा पेच सुटत नाही.

मांडवी_पल्याड: काही वर्षं खेळलोय म्हणून सांगतो, पहिलं बघायचं ते पानं कशातनं येतात. सतत पिसणारं मशीन असेल, म्हणजे वापरलेली पानं लगेच परत आत, तर भावाची सगळी मेहनत पाण्यात, मोजायला काही उरतच नाही. शू (पिसलेले डेक म्हणजे कॅट ठेवायची पेटी) असेल तर कट कार्ड (कुठवर वाटून परत पिसायचं त्याची खूण) कुठं घालतात ते उभं राहून बघा. सहा डेकमध्ये ३१२ पानं, अधिक ८ काउंट असताना चार डेक शिल्लक असतील तर ट्रू काउंट (काउंट भागिले शिल्लक डेक) फक्त २, दोनच शिल्लक असतील तर ४. निम्म्यात कट केला की चांगली वेळ यायच्या आधीच पानं पिसायला जातात. दुसरं, ब्लॅकजॅकला १,००० वर १,५०० देतात का १,२००, हे टेबलावर छापलेलं असतं. १,२०० वालं असेल तर घराची बाजू जवळपास १.४ टक्क्यानं वाढते, म्हणजे मोजून मिळणारं सगळं तिथंच गेलं. आणि बेट एकदम आठपट उडाली की वरचा कॅमेरा बघतोय. मनात मोजणं म्हणजे फसवणूक नाही पण ते तुम्हाला ब्लॅकजॅक नको म्हणू शकतात.

हिशेबनीस: तुम्ही टॅक्स धरलाच नाही हो काका. कॅसिनोवर जीएसटी १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के चिप्सच्या पूर्ण रकमेवर, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. ५०,००० च्या चिप्सवर २०,००० खिशातनं गेले तर १ टक्का फायद्यानं ते भरून काढायला २० लाखाची उलाढाल पाहिजे, म्हणजे १,००० चे दोन हजार हात, नुसतं शून्यावर यायला. वर जिंकलेल्यावर सरळ ३० टक्के इन्कम टॅक्स, हरलेलं त्यातनं वजा करता येत नाही.

धागाकर्ता: सगळ्यांचे मनापासून आभार, हे सगळं वहीत उतरवून घेतलंय. १४ लाखाचा आकडा आणि जीएसटीचे दोन हजार हात हे दोन्ही रविवारी सगळ्यांसमोर मांडणार, मावसभावालाही बसवून त्याच्याकडनंच परत काढून घेणार, त्याला गणित येतं, तो ऐकेल. भिशी ठरल्याप्रमाणं ज्याची त्याला उचलू द्यायची असं माझं मत झालंय. त्याला स्वतःच्या पगारातनं बारक्या बेटवर जायचं असेल तर जाऊ दे, मी सोबत जाईन. फक्त एक राहिलं, हल्ली कुणी चिप्स घेतल्या असतील तर पावतीवर टॅक्स वेगळा लावतात का पॅकेजमध्येच धरतात, तेवढं रविवारच्या आत लिहा.