'बूरिश' किती लागणारा शब्द आहे?

सुरंगी:
वेंगुर्ल्याजवळ आमचा होमस्टे आहे. जुलैत मुंबईचे पाहुणे आले आणि रात्री नऊला ताजी सुरमई मागू लागले. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. सासरे म्हणाले, "आता सुरमई गावूची नाय," आणि आत गेले. मी कुळथाची पिठी, भात, सुक्या सुंगटांची किसमूर वाढली. चाटूनपुसून जेवले. निघताना सासऱ्यांनी स्वतः शहाळी गाडीत ठेवून दिली. नंतर रिव्ह्यू आला: जेवण छान, घरमालक 'बूरिश'. मला फार लागलंय. हा शब्द 'रूड'पेक्षा जड आहे का? आला कुठून?

खाडीकाठ:
जड आहे, सुरंगीताई. 'रूड' एखाद्या वेळच्या वागण्याला म्हणता येतं, 'बूरिश' म्हटलं की माणसाचं वळणच काढलं. मी इंग्रजी शिकवायचो, मुलांना हा फरक मुद्दाम सांगायचो.

मूळ शब्द 'बूर'. डच भाषेत त्याचा अर्थ शेतकरी. सोळाव्या शतकात इंग्रजीत आला तेव्हाही शेतकरी, खेडूत एवढाच अर्थ होता. अडाणी, उर्मट हे अर्थ पुढे चिकटले. दक्षिण आफ्रिकेत १८९९ ते १९०२ इंग्रजांशी लढले ते बोअर, त्यांचं नावही हेच. 'व्हिलन'चं तसंच, तो मुळात जमीनदाराच्या शेतावर राबणारा. आणि आपण तरी काय केलं? ग्रामातला तो 'ग्राम्य', आणि काव्यशास्त्रात ग्राम्यता हा दोष! शेतात राबणाऱ्याच्या नावाची शिवी व्हावी, याची मला खरंच चीड येते.

बंदरकर:
यात भर घालतो. इंग्रजी 'नेबर'मधला 'बर' याच कुळातला. जुन्या इंग्रजीत 'गेबूर' म्हणजे शेतकरी, वस्ती करून राहणारा. जवळ राहणारा तो नेबर. आणि हे डच आपल्याला परके नाहीत, सतराव्या शतकात त्यांनी वेंगुर्ल्यातच वखार घातली. पडकी का होईना, अजून उभी आहे. पाहुण्यांना दाखवता की नाही?

सुरंगी:
दाखवते, पण तिथली भाषा अशी आपल्या घरात येईल असं वाटलं नव्हतं. सरांचं उत्तर सासऱ्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "शेतकरी म्हणान लिवल्यानी तर बरोबरच आसा." रिव्ह्यूखाली मासेमारी बंदीच्या तारखा लिहिल्यात. बुकिंगच्या मेसेजमध्येही घातल्यात.