ताईकडची नाताळची सुट्टी आणि ज्युनो: घरच्या ग्रुपवरून

(ताई दृष्टिहीन आहे, अमेरिकेत राहते. ज्युनो ही तिची गाईड डॉग, म्हणजे बाहेर चालताना वाटेतले अडथळे टाळायला शिकवलेली कुत्री. या वर्षी आम्ही सगळे सुट्टीला ताईकडे जाणार होतो.)

१ डिसेंबर २०२४, रविवार

आत्या (नाशिक): बॅगा भरायला काढल्या. चकली, कडबोळी, बेसनाचे लाडू झाले. काकांसाठी बिनसाखरेचे तिळाचे लाडू वेगळ्या डब्यात. ताई, ज्युनोसाठी काय आणू गं? पहिल्यांदा भेटणार तिला, रिकाम्या हाताने कशी येऊ?

काकू (ठाणे): मी आताच सांगून ठेवते. मला कुत्र्याची भीती वाटते. नऊ वर्षांची असताना आळीतल्या कुत्र्याने पोटरी फोडली होती. पोटात चौदा इंजेक्शनं घेतलीत मी. एका घरात पाच आठवडे कसं जमणार, देव जाणे. ताईला वाईट वाटू नये म्हणून इतके दिवस बोलले नव्हते.

ताई (एडिसन, अमेरिका): काकू, बोललीस ते फार बरं झालं. तुला भीती वाटते म्हणून मला वाईट का वाटेल? तुझी खोली वरच्या मजल्यावर ठेवली आहे. ज्युनो रात्री माझ्या पलंगाशेजारी, खालच्या खोलीतच झोपते. तू तिला हात लावायचा नाहीस, की ‘नमस्कार चमत्कार’ करायचा नाहीस. समोरून आली तर उभी राहा, बघूही नकोस. ती आपणहून बाजूने जाईल. तिला तेच शिकवलेलं आहे.

आत्या, लाडवांत बेदाणे आहेत का? आणि काकांच्या लाडवांत साखरेऐवजी काय घातलंस?

आत्या: बेदाणे तर हवेतच, त्याशिवाय बेसनाचा लाडू कसला. काकांच्या लाडवांत भाच्याने आणून दिलेली पूड घातली. डब्यावर झायलिटॉल लिहिलंय.

ताई: आत्या, आण दोन्ही, पण डबे माझ्या हातात दे, मी वरच्या कपाटात ठेवीन. माणसाला झायलिटॉल विषारी नसतं. कुत्र्याच्या पोटात गेलं तर शरीर एकदम भरपूर इन्सुलिन सोडतं, रक्तातली साखर झपाट्याने उतरते आणि झटके येऊ शकतात. पुढे यकृतही खराब होतं. एखाद-दुसरा लाडूही तिला जड जाईल. बेदाणे, मनुका, द्राक्षं यांनी कुत्र्यांची किडनी निकामी होऊ शकते, आणि किती खाल्ल्यावर होईल याचा नेम नसतो. चॉकलेट नको हे सगळ्यांना ठाऊक असतं, शिऱ्यातला बेदाणा कुणाच्या लक्षात येत नाही. कांदा, लसूण, कच्चं असो की शिजवलेलं, तिच्या तांबड्या पेशी फोडतं. चुकून काही पोटात गेलंच तर उलटी काढायचे घरगुती उपाय करू नका, मला लगेच हाक मारा. प्राण्यांच्या विषबाधेसाठी इथे एएसपीसीए या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेची चोवीस तासांची फोनसेवा आहे. नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लावलाय.

काका (ठाणे): ताटातला एक घास दिला तर काय होतंय? एवढं शिस्तीचं कुत्रं, सणासुदीला बिचारीचं तोंड गोड नको करायला?

ताई: काका, तुमच्या मनातलं प्रेम कळतंय. पण एकदा सविस्तर सांगते.

ज्युनो माझ्या डाव्या हाताला असते. तिच्या अंगावरच्या पट्ट्याची, म्हणजे हार्नेसची, दांडी माझ्या हातात, आणि रस्त्यात खड्डा, खांब, पायरी, डोक्याला लागेल अशी फांदी आली की ती थांबते किंवा वळसा घालते. आज तुमच्या हातून शेव मिळाली, तर तिच्या डोक्यात पक्कं बसतं की माणसांच्या हातातून आणि जमिनीवरून खाणं मिळतं. मग जानेवारीत तुम्ही ठाण्याला परत गेल्यावर मी किराणा दुकानात असेन, खाली वेफर पडलेला असेल, आणि ती मला घेऊन तिकडे ओढेल. मी कशाला धडकले ते मला धडकल्यावरच कळेल. तिचं जेवण सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी, तिच्याच भांड्यात, माझ्याच हातून. तेवढं पाळा.

बाकी घरात हार्नेस काढलेला असतो तेव्हा ती साधी लॅब्रॅडॉर आहे. लोळते, घोरते, मोजा पळवते. मला विचारून खुशाल खेळा तिच्याशी. हार्नेस चढवला की मात्र तिला हाकही मारायची नाही.

काका: बरं, ते सिग्नलचं लाल-हिरवं तिला कसं कळतं?

ताई: कळत नाही. गाड्यांचा आवाज मी ऐकते, कधी निघायचं ते मी ठरवते आणि ‘फॉरवर्ड’ म्हणते. मी म्हटल्यावरही गाडी अंगावर येत असेल तर ती हलत नाही. माझं न ऐकणं हाही तिच्या शिक्षणाचा भाग आहे. लोक म्हणतात, कुत्री तुला नेते. तसं नाही. कुठे जायचं ते मला माहीत असतं, वाटेत काय आहे ते तिला माहीत असतं.

आत्या: अशा कुत्रीला लाखभर तरी पडले असतील.

भाऊजी (ताईचा नवरा): आत्या, १५० डॉलर. इथून तासाभराच्या आत मॉरिसटाउनला ‘द सीइंग आय’ नावाची शाळा आहे, १९२९ सालची, अमेरिकेतली अशी पहिली. खरा खर्च त्याच्या कितीतरी पट, पण तो देणग्यांतून भागतो. पहिल्या कुत्र्याला १५०, पुढच्याला ५०, सैन्यातून आलेल्यांना १ डॉलर. पैसे घेतात ते एवढ्यासाठीच की कुणाला आपण भीक घेतली असं वाटू नये. २०२१ मध्ये ही तिथे जवळजवळ चार आठवडे राहिली, दोघींचं शिक्षण एकत्र झालं.

ताई: आणखी एक विनंती. गुड मॉर्निंगचे फुलांचे फोटो मला दिसत नाहीत. फोन म्हणतो, ‘चित्र’. इमोजींची रांग असली तर एकेक वाचत बसतो. फोटो जरूर टाका, खाली फक्त एक ओळ लिहा, काय आहे त्याची.

३ डिसेंबर, मंगळवार

बंटी (बॉस्टन): आम्ही २३ ला रात्री पोचतो, गाडीने. ताई, तू या वेळी ज्युनोला घेऊन पुण्याला जाणार होतीस ना? त्याचं काय झालं?

ताई: रद्द केलं. भारत रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांच्या यादीत आहे. ऑगस्टपासून कुत्री अमेरिकेत परत आणण्याचे नियम आणखी कडक झालेत. मायक्रोचिप, लशीचा ठराविक दाखला, फॉर्म, सगळं आधी हवं. त्यात तेवढा लांबचा प्रवास तिच्या पायांशी, एका सीटपुढच्या जागेत. म्हणून म्हटलं, तुम्हीच सगळे इकडे या.

आणि आता खरं सांगायचं ते. गेल्या नाताळात पाहुणे होते तेव्हा मी पॅसेजमध्ये पडले होते, मनगट मुरगळलं होतं. कुणी विचारलं की मी ‘पाय घसरला’ म्हणायचे. पाय घसरला नव्हता. कुणीतरी बॅग भिंतीपासून दोन फूट पुढे ठेवली होती. सगळे म्हणाले, ज्युनोने सांगितलं नाही? घरात ज्युनो मला नेत नाही. घरात मी माझी मी चालते. ओट्यापासून टेबल सहा पावलं, तिथून सोफ्याचा कोपरा चार. या घरात मी पाहुण्यांना गरम चहा घेऊन जाते ते या पावलांच्या भरवशावर.

कुत्र्याबद्दल तुम्ही सगळे काळजीने विचारताय, छान वाटतं. पण माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे: खुर्ची वापरलीत की आत सरकवा. कपाटाचं दार उघडलंत की पूर्ण लावा, अर्धवट दार थेट कपाळाला लागतं. भांडं जिथून घेतलंत तिथेच ठेवा. आत्या, तू स्वयंपाकघर तुझ्या पद्धतीने लावशील ना, ते मी ओळखून आहे. या वेळी नको लावूस. मला तुम्हा सगळ्यांना माझ्या हाताने वाढायचंय. मला सोफ्यावर बसवून तुम्ही राबणार असाल तर तो माझ्याकडचा सण होणार नाही.

आत्या: नाही लावणार. शब्द दिला.

४ डिसेंबर, बुधवार

आत्या: उद्या निघतोय. शनिवारी चंपाषष्ठी, तळी तुझ्याकडेच भरू. चार महिने वांगं-कांदा-लसूण बंद, त्या दिवशी भरीत-रोडगा व्हायलाच हवा. आणि खंडोबाच्या नैवेद्यातला घास कुत्र्याला घालतात आपल्याकडे. नेहमी गल्लीतल्या कुत्र्यांना घालते. या वर्षी साक्षात घरात आहे! तिला नाही म्हणू नकोस गं.

काका: देवघराच्या खोलीत कुत्रं चालतं का पण? सोवळं वगैरे?

आत्या: खंडोबाबरोबर कुत्रा असतोच. दत्ताच्या पायाशी चार असतात. माझी हरकत नाही, तर तुमची कशाला?

ताई: आत्या, घास देऊ. पण भरितात कांद्याची पात आणि लसूण, तो नको. तू बाजरीचा रोडगा करशील त्यातला एक कोरडा तुकडा बाजूला काढ. तूप नाही, मीठ नाही. नैवेद्य दाखवून झाला की तो तिच्या संध्याकाळच्या जेवणात, तिच्या भांड्यात घालू. तळी उचलताना ‘येळकोट येळकोट’चा गजर मोठ्याने करा, ती घाबरत नाही. भंडारा मात्र वर उधळू नका, कपाळाला लावू. तिच्या नाका-डोळ्यांत जायला नको.

आत्या: भांडं तुझं, घास माझ्या हातचा. चालेल?

ताई: भांड्यात तू टाक. भांडं तिच्यापुढे मी ठेवीन.

काकू: दत्तजयंतीला देवळात जायचं का?

ताई: घरीच करू. इथे हॉटेल, दुकान, दवाखाना कुणीही ज्युनोला अडवू शकत नाही, अपंगांच्या हक्कांचा १९९० चा कायदा आहे. धर्मस्थळांना मात्र तो लागू नाही. गेल्या वर्षी एका देवळाच्या दारातून आम्ही दोघी परत आलो. पुजाऱ्यांशी फोनवर बोलणं सुरू आहे, ऐकून घेतायत. तोवर सुंठवडा घरी.

२२ डिसेंबर, रविवार

चिमी (बंटीची मुलगी, आईच्या फोनवरून): ताईआत्या, मी चिमी. ज्युनोला नाताळचं गिफ्ट आणू का? झाड लावलंस का?

ताई: चिमे, झाड दरवर्षीच्याच कोपऱ्यात, टीव्हीच्या डावीकडे. खरं नाही, खोटं झाड, म्हणजे कुंडीतलं पाणी ज्युनो पिणार नाही. खालच्या दोन फांद्यांवर काहीच नाही. चमचमत्या पट्ट्या आणि काचेचे गोळे आणू नकोस, पट्टी गिळली तर आतड्यात अडकते. शेजारच्या आजींनी लाल पानांचं पॉइन्सेटियाचं झाड दिलंय. ते लोक म्हणतात तेवढं विषारी नसतं, पोट बिघडतं एवढंच, तरी खिडकीत वर ठेवलंय. तू फक्त एक जाड रबरी खेळणं आण, आत खाऊ भरता येतो तसं. आपण दोघी त्यात उकडलेलं गाजर भरू.

आणि तुला एक महत्त्वाचं काम. बर्फ पडला तर बाबाबरोबर फूटपाथ साफ करायचा, आणि कोपऱ्यावर फूटपाथ उतरतो तो उतार नक्की मोकळा करायचा. बर्फाचा ढीग तिथेच घालतात लोक. मग फूटपाथ कुठे संपतो आणि रस्ता कुठे सुरू होतो हे मला पायाला कळत नाही. त्यात बर्फाने गाड्यांचा आवाजही दबतो. बाहेरून आलो की ज्युनोचे पंजे कोमट पाण्याने पुसायचे, रस्त्यावरच्या मिठाने चिरा पडतात.

चिमी: मी करेन. रोज करेन.

२५ डिसेंबर, बुधवार

वहिनी (बंटीची): नागपूरकर, डोंबिवलीकर, सगळ्यांसाठी फोटो टाकते. फोटोत: जेवणाचं टेबल, दहा माणसं. ताई मटार उसळ वाढतेय, डाव्या हाताने ताटाची कड चाचपून, उजव्या हातात डाव. खुर्च्या सगळ्या आत सरकवलेल्या, चिमीने दोनदा तपासल्या. ज्युनो टेबलाखाली नाही, तिच्या गादीवर आहे, रबरी खेळण्यातलं गाजर काढतेय. काका तिच्याकडे बघतायत, हातात शेव आहे, पण दिलेली नाही.

काका: दिलेली नाही. लिहिल्याबद्दल आभार.

१ जानेवारी २०२५, बुधवार

ताई: सगळ्यांना नवीन वर्षाच्या शुभेच्छा. काल बाराच्या फटाक्यांना ज्युनो माझ्या खोलीत, दार लावून, रेडिओ लावून. सकाळी ठरलेल्या वेळेला उठवलं तिने मला.

काकू: मीही लिहिते. पहाटे तीनला जाग आली, अजून इथली झोप बसत नाही. पाणी प्यायला खाली आले. ज्युनो पॅसेजमध्ये बसली होती. माझे पाय लटपटले, खोटं सांगत नाही. ताईने सांगितलं तशी उभी राहिले, बघितलं नाही. ती बाजूने गेली, खोलीत जाऊन आडवी झाली. भीती गेली असं मी म्हणणार नाही. पण पाणी पिऊन वर गेले, आणि झोपले.

ताई: काकू, तू हाक का नाही मारलीस? मी आले असते.

काकू: म्हणूनच नाही मारली.

१२ जानेवारी, रविवार

आत्या: विमानतळावर पोचलो. संक्रांत आता नाशिकला, तिळगूळ तुझ्यासाठी करून ठेवलाय, साधा गुळाचा. निळ्या झाकणाचा डबा, वरच्या कपाटात उजवीकडे. ज्युनोचं नाव त्यावर नाही.

ताई: आत्या, मोठी परात कुठे गं? रोडग्याला घेतली होतीस.

आत्या: ओट्याखालचा दुसरा खण, डावीकडे, उभी. होती तिथेच ठेवली आहे.