त्वचारोगशास्त्र काल-परवाचं नाही

वर एकांनी लिहिलंय की ‘स्किनचे डॉक्टर’ लेझर आणि गोरेपणाच्या क्रीमबरोबर आले. मला हे अजिबात पटत नाही. पॅरिसचं सेंट लुई रुग्णालय १८०१ मध्येच त्वचारोगांसाठी राखलं गेलं. लंडनच्या रॉबर्ट विलन यांनी त्याच सुमारास पुटकुळी, फोड, खवले, डाग अशा दिसणाऱ्या खुणांवरून रोगांची वर्गवारी केली. आजही तपासणी तिथूनच सुरू होते.

मला सर्वात भावते ती खरजेची गोष्ट. खरूज रक्तदोषाने होते, असं बडे डॉक्टर मानत. कॉर्सिका बेटावरच्या बायका मात्र सुईच्या टोकाने तिचा किडा काढत. तिथलाच रेनुची हा विद्यार्थी त्यांचं पाहून शिकला आणि १८३४ मध्ये त्याने सेंट लुईत सर्वांसमोर किडा काढून दाखवला. खेड्यातल्या बायकांचं ज्ञान असं शास्त्रात आलं!

आपल्याकडे ही शाखा कुष्ठरोगापासून वेगळी काढताच येत नाही. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, तेव्हा नांदेडला लागून असलेल्या निजामाबाद जिल्ह्यात डिचपल्लीला मोठं कुष्ठरुग्णालय होतं. उपचार चालमोगरा या झाडाच्या बियांच्या तेलाचे. डॅप्सोन हे औषध नंतर आलं, आणि अनेक औषधं एकत्र देणारा बहुविध औषधोपचार १९८० च्या दशकात.

आणि आज? आपल्याकडच्या उन्हाघामात गजकर्ण झालं की लोक मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब आणतात. खाज थांबते, गजकर्णाची बुरशी मात्र पसरतच राहते. अंबाजोगाई, लातूर, नांदेड, संभाजीनगर सगळीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. कृपया आधी तिथल्या त्वचारोग ओपीडीत दाखवा.