उत्तर: बाळ दिव्याकडे बघतंय, मग डोळे कशाला तपासायचे?

वर ताईंनी लिवलंय की कमी दिवसांचं बाळ दिव्याकडे बघतंय म्हणजे डोळे बरे, तसं नसतंय ओ. आमच्या बहिणीचं बाळ ३१ आठवड्यांतच जन्मलेलं, दीड किलोच्या आत, घरी आणलं तेव्हा बघायला एकदम छान, आणि डिस्चार्जच्या गडबडीत डोळ्यांचं कुणी बोललंच नाही, शेजारच्या नर्सबाईंनी विचारलं म्हणून कळलं. कमी दिवसांच्या बाळाच्या डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पूर्ण वाढलेल्या नसतात, त्यात ऑक्सिजन जास्त-कमी झाला की त्या वेड्यावाकड्या वाढतात, पडदा ओढून सुटतो (आरओपी म्हणतात ह्याला). बाहेरून काय्य दिसत नाही, थेंब घालून बाहुली मोठी करूनच बघावं लागतंय. ३४ आठवड्यांच्या आत जन्म किंवा २ किलोच्या आत वजन असलं तर जन्मापासून ३० दिवसांच्या आत पहिली तपासणी, डिस्चार्जपासून नव्हे! २८ आठवड्यांच्या आतलं असलं तर दोन-तीन आठवड्यातच. लेसरचा उपचार लागला तर दोन-तीन दिवसात करावा लागतो, म्हणून खानापूर-निपाणीकडच्यांनी बारसं होऊ दे म्हणत थांबू नका. बेंगळुरूच्या नारायण नेत्रालयाचा किडरॉप (ह्याच तपासणीचा कार्यक्रम) २००८ पासून आहे, टेक्निशियन गावोगावच्या एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) कॅमेरा घेऊन जातात, फोटो डॉक्टर लांबून बघतात. तुमचं बाळ किती दिवसांचं झालं आता?