तळहाताएवढं पापलेट विकत घ्यावं का?

मीठभाकर
रविवारी ठाण्याच्या बाजारात नेहमीच्या मावशींकडे पापलेटचा वाटा घेतला. आठ नग, एकेक जेमतेम माझ्या तळहाताएवढा. साफ करताना काट्याशिवाय हाताला फार काही लागेना. लहानपणी बाबा एकच सरंगा, म्हणजे मोठं पापलेट, आणायचे, त्यात आम्ही चौघं पोटभर जेवायचो. मावशी म्हणतात, "मोठं येतंच कुठे, आलं तर हॉटेलवाले उचलतात." मी असा वाटा घेणं बंद केलं तर समुद्रात काही फरक पडतो का, की नुसता मावशींच्या पोटावर पाय? किनाऱ्यावरच्या कुणी सांगेल का?

दर्याकाठ
ताई, मी पालघरकडचा, घरची बोट आहे. तुम्ही आणलीत ती पिल्लं.

आमचं डोलजाळं म्हणजे समुद्राच्या तळात कव म्हणजे खुंट मारून भरती-ओहोटीच्या ओढीत उभं केलेलं, मागे निमुळतं होत गेलेलं जाळं. ते बोंबील-जवळ्यासाठी. जवळा अडकायचा तर शेवटाला आस, म्हणजे जाळ्याचं भोक, बारीकच लागतो, मग त्यातून पापलेटचं पिल्लू सुटणार कसं? एका उधाणाला आम्ही जाळं उपसलं, तर बोंबलांच्या लगद्यात रुपयाच्या नाण्यांसारखं काहीतरी चमकत होतं. टोपलीभर पिल्लं होती. बाबांनी ओंजळी भरभरून पाण्यात सोडली. एकही खाली गेलं नाही, सगळी आडवी तरंगत राहिली. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. पापलेटसाठी मोठ्या आसाचं वेगळं जाळं असतं, लहान मासा त्यातून आरपार निघून जातो. पण मोठा मासा कमी झाला की त्या जाळ्यावर डिझेलही सुटत नाही, आणि माणूस पुन्हा बारीक आसाकडे वळतो.

2023 मध्ये पापलेट राज्यमासा झाला. त्याच वर्षी सरकारने 54 जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली, पापलेटची 135 मिमी. तुमचा मोबाईल बहुतेक त्याहून लांब असेल, बाजारात शेजारी धरून बघा. मला तर 135 सुद्धा कमीच वाटते. एवढ्याशा पापलेटात गाबोळी, म्हणजे अंडी, मी आजवर पाहिलेली नाही.

तेव्हा घेऊ नका. पण मावशींना तोडूही नका, त्यांच्याकडून दुसरं म्हावरं घ्या.

खाडीपल्याड
डोलवाल्यांनाच का धरायचं? आम्ही रत्नागिरीकडचे. 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशाने पर्ससीन, म्हणजे थव्याला घेरणारं मोठं जाळं, फक्त सप्टेंबर ते डिसेंबर, एलईडी मासेमारीवर केंद्राची बंदी 2017 पासून. तरी रात्री आमच्या पडवीतून क्षितिजावर गाव वसल्यासारखा उजेड दिसतो. त्या उजेडाला गोळा झालेला थवाच्या थवा एका फेऱ्यात उचलतात. सकाळी आमच्या होडीला दोन बांगडे.

दर्याकाठ
दादा, तुमचं दुखणं खरं आहे, उजेडवाल्यांना आम्हीही विरोध केलाय. पण ते थांबत नाहीत म्हणून मी माझ्या जाळ्यातली पिल्लं कशी झाकू? 2019 मध्ये राज्याची मासळी 2.01 लाख टनांवर आली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीत 45 वर्षांतली सर्वांत कमी. क्यार आणि महा ही वादळं त्याच साली आली, बोटी कितीतरी दिवस बंदरात होत्या, हेही खरं. पण आमच्या घरचं पापलेट त्याच्या कितीतरी आधीपासून आटत होतं.

मीठभाकर
काल मोबाईल शेजारी धरून पाहिला. वाट्यातलं एकही त्याच्या लांबीचं नव्हतं. मावशींना सांगितलं, पिल्लं नकोत. त्या म्हणाल्या, "लिलावात जे येतं ते उचलते ग बाई, पण असं सांगणारी आज तू दुसरी." मग त्यांच्याकडून मांदेली घेतली. आता घरी येऊन शंका आली, तीही लहानच की. चालते ना?

दर्याकाठ
मांदेली चालेल ताई. ती पुरी वाढूनही तेवढीच असते.