नवव्या आठवड्यात अंगावरून गेलं, माझ्या रडण्यामुळे का?

प्रश्न
चौदावा आठवडा चालू आहे. नवव्या आठवड्यात बाबा गेले. तिसऱ्या दिवशी पॅडवर तळहाताएवढा लाल डाग. सोनोग्राफीत पिशवीशेजारी रक्ताची छोटी गाठ दिसली, ठोके मात्र छान होते. आता डाग थांबलेत, झोप नाही. रात्री 3 ला उठून रडत बसते. माझ्या रडण्याने रक्त गेलं का? ते बाळाचं होतं का?

उत्तर 1
ताई, मी 19 वर्षं प्रसूती विभागात परिचारिका आहे. ते रक्त बहुतेक तुमचंच. वारेत, म्हणजे प्लासेंटात, आईचं आणि बाळाचं रक्त वेगवेगळं वाहतं, मधल्या पातळ पडद्यातून प्राणवायू आणि अन्न जातं. पहिल्या 3 महिन्यांत साधारण चौघींपैकी एकीला रक्त दिसतं, आणि त्यातल्या बहुतेकींचं पुढे सुखरूप होतं. बाळाला खरा धोका कधी, तर वार सुटली किंवा एकदम खूप रक्त गेलं तर. तेव्हा आईचं शरीर स्वतःचं हृदय आणि मेंदू सांभाळायला गर्भाशयाकडचा पुरवठा कमी करतं. तासाभरात पॅड भिजलं, चक्कर आली, तर थेट दवाखाना गाठा. हिमोग्लोबिनही बघून घ्या.

आणि रडण्याने गाठ होत नाही हो! ताणात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं, पण वार त्यातलं बरंचसं निष्प्रभ करते. महिनोन्महिने चाललेला ताण, उपचार न झालेलं नैराश्य, यांनी मात्र दिवस भरायच्या आधी प्रसूती किंवा बाळाचं वजन कमी राहण्याची शक्यता वाढते. म्हणून झोपेचं डॉक्टरांना सांगाच. रक्तगट निगेटिव्ह आहे का?

उत्तर 2
मलाही अकराव्यात अशीच गाठ होती. प्रत्येक वेळी टिश्यू उजेडाकडे धरून रंग बघायचे. सोळाव्या आठवड्यात गाठ विरली होती. मुलगा आता सहा वर्षांचा आहे. बाबांसाठी रडू येणारच, ते अडवू नका.

प्रश्नकर्ती
फाईल काढली. बी निगेटिव्ह. नवऱ्याचा पॉझिटिव्ह. अँटी-डी इंजेक्शनची नोंद कुठे दिसत नाही.

उत्तर 1
आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध अँटिबॉडी तयार होऊ नयेत म्हणून ते इंजेक्शन असतं. रक्त गेल्यावर ते शक्यतो 72 तासांत देतात, पण वेळ टळली म्हणून घाबरू नका. तुमच्या रक्तात अशा अँटिबॉडी तयार झाल्यात का, हे इनडायरेक्ट कूम्ब्स तपासणीत कळतं. उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करून हेच नाव सांगा, आणि फाईल हाताशी ठेवा.